पाणीटंचाईवर उपाय शोधताना मुलांना गावभराचा विचार करायला कसे शिकवावे?

माध्यमिक शिक्षिका, अहिल्यानगर जिल्हा
विज्ञान प्रदर्शनासाठी नववीच्या मुलांना मी गावातील पाणीटंचाई हा विषय दिला. बहुतेक गटांनी शेततळ्याची सुबक प्रतिकृती करून आणली. परंतु तळ्यात पाणी कोठून येणार आणि त्यामुळे कोणाचे पाणी तुटेल, हे एकाही गटाने विचारले नाही. नवे सुचवण्याची त्यांची उमेद न मोडता ही दृष्टी कशी द्यावी?

निवृत्त भूजल कर्मचारी
बाई, शेततळेच धरून ठेवा. मुळात ते पावसाचे वाहून जाणारे पाणी अडवण्यासाठी असते, पण अनेक ठिकाणी प्लॅस्टिकचे अस्तर घातलेली तळी विहिरी-बोअरच्या पाण्याने भरली जातात. मग भूगर्भातले सर्वांचे पाणी एकाच्या तळ्यात येते, त्यातले काही उन्हाने उडून जाते, शेजारची विहीर लवकर आटते आणि तो शेजारीही बोअर खोल नेऊन तळे खोदतो. हे चक्र मुलांनाच फळ्यावर मांडू द्या. सोबत हिशेबही करून घ्या: १ हेक्टरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर, म्हणजे ५०० मिलिमीटरला ५० लाख लिटर. आपल्या काळ्या पाषाणात यातले थोडेच मुरते.

अभियांत्रिकी प्राध्यापक
फळ्यावरच्या आकृतीवर थांबू नये, असे माझे ठाम मत आहे. प्रत्येक गटाला एक विहीर द्यावी आणि मोठ्या माणसाच्या सोबतीने, सकाळी मोटारी सुरू होण्याआधी, वजन बांधलेल्या दोरीने कठड्यापासून पाण्यापर्यंतचे अंतर दर आठवड्याला मोजून नोंदवावे. त्यानंतर हिवरे बाजारचा अभ्यास द्यावा. तेथे पावसाच्या मोजमापावरून पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरवली जातात आणि सिंचनासाठी बोअर घेण्यास बंदी आहे. यात नवे यंत्र कोणतेही नाही; गावाने मिळून पाळलेला नियम हाच तेथील खरा शोध आहे, आणि प्रदर्शनाच्या परीक्षकांनी अशा नियमालाही यंत्राइतकेच गुण द्यायला हवेत.

माध्यमिक शिक्षिका
मोजणी नक्की सुरू करते. मात्र काही मुलांच्या घरीच अशी तळी आहेत. त्यांना वर्गात अवघडल्यासारखे होईल.

निवृत्त भूजल कर्मचारी
नकाशावर मालकांची नावे घालू नका. विहिरींना क्रमांक द्या. चर्चेत भूमिका चिठ्ठीने वाटा आणि एकदा चर्चा झाली की त्या बदला, म्हणजे तळेवाल्याची बाजू मांडणाऱ्याला आटलेल्या विहिरीचीही बाजू मांडावी लागेल. फळबाग जगवण्यासाठी कर्ज काढून तळे बांधणाऱ्याची अडचणही खरी आहे, तीही मुलांच्या बोलण्यात यायला हवी.