राजापूर लोकसभा मतदारसंघ कुठे गेला? आणि दंडवते ९१ला पडले कसे?

चाकरमानी_डोंबिवली:
नमस्कार मंडळी. गणपतीला गावी गेलेलो, कणकवलीपासून थोडं आत आमचं घर आहे. माळ्यावरची ट्रंक आवरताना आजोबांची जुनी मतदार चिठ्ठी सापडली, पार पिवळी पडलेली, घडीवर फाटलेली, त्यावर राजापूर लोकसभा असं लिहिलंय. आम्ही आता मत देतो ते रत्नागिरी-सिंधुदुर्गला. आजोबा नव्वदीला टेकलेत, चिठ्ठी हातात घेऊन बराच वेळ बघत बसले आणि म्हणाले पहिलं मत मी नाथ पैंना दिलं, झोपडीच्या पेटीत टाकलं. पेटीत म्हणजे काय ते मला कळेना, विचारलं तर एवढंच म्हणाले, "आमी मत माणसाक दिला, पक्षाक नाय." तर राजापूर कधी गेलं, का गेलं, आणि मधु दंडवतेंसारखा माणूस इथून पाच वेळा खासदार म्हणून निवडून येऊन शेवटी पडला कसा, हे कोणी नीट सांगेल का?

लाल_माती:
आजोबांना माझा नमस्कार सांग. पेटीचं ते बरोबर सांगतायत. १९५२ आणि १९५७ला मतपत्रिकेवर शिक्का मारायचा नव्हता, प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असायची आणि तिच्यावर त्याचं चिन्ह चिकटवलेलं, तुम्ही कागद नुसता हव्या त्या पेटीत सोडायचा. झोपडी म्हणजे प्रजा समाजवादी पक्ष आणि काँग्रेसची बैलजोडी. शिक्का नंतर आला.

१९५७ची निवडणूक संयुक्त महाराष्ट्राच्या हवेतली. बॅरिस्टर नाथ पै वेंगुर्ल्याचे, तेव्हा पस्तिशीसुद्धा गाठली नव्हती. ५७, ६२, ६७ असे सलग तीनदा आले. ६२ला बाकी राज्यात काँग्रेसने सगळं परत घेतलं तरी इथे नाथ पैच. १८ जानेवारी १९७१ला बेळगावात गेले, वय फक्त ४८. माझे वडील प्राथमिक शिक्षक होते, बातमी आली तेव्हा घरात चूल पेटली नाही असं आई सांगायची.

मग त्याच वर्षीच्या निवडणुकीत मधु दंडवते उभे राहिले. जन्म अहमदनगरचा, मुंबईत सिद्धार्थ कॉलेजात फिजिक्सचे प्राध्यापक. म्हणजे ना गाववाले ना भावकी, तरी ७१, ७७, ८०, ८४, ८९ पाचही वेळा लोकांनी निवडून दिलं. ८४चं तर मुद्दाम सांगतो, इंदिराजींच्या हत्येनंतरची लाट, राज्यात विरोधकांचे हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे खासदार आले आणि त्यात राजापूर होतं. आणीबाणीत तुरुंगात गेलेला, सुटल्यावर रेल्वेमंत्री झालेला आणि तरीही गावात आला की ओसरीवर बसून चहा घेणारा माणूस. सेकंड क्लासच्या लाकडी बाकड्यांवर फोम आला तो त्यांच्या काळात. तुम्ही आज आरामात झोपून गावी येता ना, त्यात त्यांचा वाटा आहे.

कातळशिल्प:
काकांनी छान लिहिलंय, फक्त एक भर. राजापूर हे नाव १९५७पासूनचं, ५२ला रत्नागिरी दक्षिण होतं आणि तिथे काँग्रेसचे मोरेश्वर जोशी आलेले.

आता कधी गेलं ते. २००८च्या मतदारसंघांच्या पुनर्रचनेत. २००४ची निवडणूक राजापूरची शेवटची. आधी मुंबईच्या खाली किनाऱ्याला तीन खासदार असायचे, कुलाबा (म्हणजे रायगडचं जुनं नाव), रत्नागिरी आणि राजापूर, ते दोन झाले, रायगड आणि रत्नागिरी-सिंधुदुर्ग. दापोली-गुहागर रायगडला जोडले आणि चिपळूणपासून सावंतवाडीपर्यंतचा पट्टा एकाच खासदाराकडे. राजापूर आता फक्त विधानसभेचं नाव उरलंय. कारण साधं आहे, राज्याच्या जागा ४८च ठेवायच्या होत्या आणि वाटणी २००१च्या जनगणनेवर, ठाणे-कल्याणकडे लोकसंख्या फुगलेली आणि आपल्याकडे घरांना कुलपं. २००१ला सिंधुदुर्गात ८ लाख ६८ हजार माणसं होती, २०११ला ८ लाख ४९ हजार, म्हणजे जिल्हा वाढायच्या ऐवजी कमी झाला. माणसं डोंबिवलीला गेली, खासदारकीही त्यांच्या मागोमाग तिकडे गेली. मला या गोष्टीचं फार वाईट वाटतं.

देवगडचा_बाबू:
९१चं मी सांगतो, तेव्हा कॉलेजला होतो आणि दंडवतेंच्या प्रचाराला फिरलोय. जिंकले काँग्रेसचे सुधीर सावंत, सैन्यातून आलेले. पण खरी गोष्ट ती नाही. आमच्याकडे मत ठरायचं मुंबईत. परळ-लालबागच्या खोलीतून पत्र आणि मनिऑर्डर यायची आणि पत्रात कोणाला द्यायचं तेही असायचं. गिरण्यांचा ८२चा संप झाला, लाल बावटा मागे पडला, पोरं शिवसेनेच्या शाखेत जायला लागली. ९०ला नारायण राणे मालवणातून सेनेचे आमदार झाले तेव्हाच कळायला पाहिजे होतं. ९१ला सेनेचाही उमेदवार होता, काँग्रेसविरोधी मतं फुटली. आम्ही ज्या घरात जायचो तिथे म्हातारी म्हणायची दंडवतेच, आणि मागच्या पडवीत तिचा नातू भगवं निशाण शिवत बसलेला. ते चित्र माझ्या डोळ्यासमोरून जात नाही.

पुढे ९६पासून २००४पर्यंत चार वेळा सेनेचे सुरेश प्रभू, तेही सीए, शिकलेला माणूस. नंतर तेही रेल्वेमंत्री झाले, पण तेव्हा भाजपकडून राज्यसभेत. एकाच मतदारसंघाचे दोन खासदार रेल्वेमंत्री, आणि जिथे रोह्याच्या पुढे रेल्वे यायला १९९०चं दशक उजाडलं तिथे, हे विशेष आहे.

लाल_माती:
बाबू, मुंबईच्या पत्राचं अगदी पटलं. पण पूर्ण दोष सेनेला देऊ नकोस. समाजवाद्यांनी इथे माणसं मोठी केली, पक्ष बांधला नाही. दंडवतेंच्या मागे तिसरा कोण, याचं उत्तर कोणाकडेच नव्हतं. मी समाजवाद्यांच्या राष्ट्र सेवा दलात वाढलोय, हे लिहिताना त्रास होतो पण खरं तेच आहे.

कातळशिल्प:
पुढचं पटकन सांगून टाकतो. २००९ला नव्या मतदारसंघात प्रभूंना काँग्रेसच्या निलेश राणेंनी पाडलं. २०१४ आणि २०१९ला विनायक राऊत, दोन्ही वेळा निलेश राणेंनाच दीड लाखाच्या वर मतांनी हरवून. १९ला नाणार रिफायनरीचा विषय पेटलेला होता. २०२४ला नारायण राणे भाजपकडून, ४७,८५८ मतांनी.

चाकरमानी_डोंबिवली:
काका, बाबूदादा, कातळशिल्प, सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री फोनवर आजोबांना हे सगळं वाचून दाखवलं. पडवीतल्या नातवाचं ऐकून थांबले, म्हणाले आपल्या घरातही तेच झालेलं, माझ्या बाबांनी ९१ला त्यांचं ऐकलं नाही आणि दोघं दोन दिवस बोलत नव्हते. बाबांनी हे मला कधी सांगितलंच नव्हतं. चिठ्ठी लॅमिनेट करायला दिलीय.