वेचणीच्या दिवसांत घरच्या प्रार्थनेसाठी काय वाचावे?

धागाकर्ता (यवतमाळ जिल्हा):
प्रभूच्या नावात सर्वांना सलाम. आमच्या गावात ख्रिस्ती कुटुंबे मोजकीच असून पाळकसाहेब तालुक्याहून महिन्यातून एखाद्या रविवारीच येऊ शकतात, त्यामुळे एरवीची प्रार्थना घरोघरीच होते. कपाशीची वेचणी लागली की माणसे इतकी थकून येतात की शास्त्रपाठ लांबला तर बसल्या जागी डुलक्या घेतात. थोडक्या वेळात होईल आणि दुसऱ्या दिवशी वागण्यात उतरेल, असे वाचन कृपया सुचवावे. दैनिक मननाच्या छापील पुस्तिका पाहिल्या, पण त्यांतली उदाहरणे बहुधा शहरातल्या कचेऱ्यांची असतात.

प्रतिसाद (अमरावती जिल्हा):
भाऊ, बायबलमधले रूथचे पुस्तक घ्या. चारच अध्याय आहेत. दुसऱ्या अध्यायावर मात्र आठवडाभर थांबा, कारण तिथे शेतमालक बवाज परक्या देशातून आलेल्या रूथ या विधवेला सरवा, म्हणजे कापणीत मागे पडलेली कणसे, वेचू देतो, एवढेच नव्हे, तर पेंढ्यांतली काही कणसे मुद्दाम ओढून टाका आणि तिला धमकावू नका, असे गड्यांना बजावतो. म्हणजे घेणारीला मान खाली घालावी लागू नये, हेही तो पाहतो. सोबत सरवा गरिबांसाठी सोडायला सांगणारे लेवीय १९:९-१० वाचा. आपल्याकडे सोयाबीन निघाल्यावर बाया सरव्याला येतात, तेव्हा त्यांना कोण हाकलतो आणि कोण येऊ देतो, हे घरातल्या पोरांना बरोबर ठाऊक असते. चर्चा त्यांच्यापासूनच सुरू करावी.

प्रतिसाद (वाशीम जिल्हा):
रूथ उत्तम आहे, परंतु ती ऐकताना जो तो स्वतःला बवाज समजू लागतो, असे माझे निरीक्षण आहे. मी मत्तय ५ ते ७, म्हणजे येशूचे डोंगरावरील प्रवचन, सुचवीन, आणि रोज एकच परिच्छेद. रेव्हरंड ना. वा. टिळकांना नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका परदेशी सहप्रवाशाने नवा करार दिला होता; तो वाचताना डोंगरावरील प्रवचनापाशी ते अडकले आणि १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. वाचनानंतर त्यांचेच एखादे भजन घ्यावे, म्हणजे डुलक्याही आवरतील.

प्रतिसाद (वर्धा जिल्हा):
लेवीय काढलेच आहे, तर १९:१३ सोडू नका. मजुराची मजुरी रात्रभर सकाळपर्यंत आपल्यापाशी ठेवू नये, असे तिथे स्पष्ट सांगितले आहे. वेचणीचे पैसे किलोवर ठरतात आणि पुष्कळ ठिकाणी बाजाराच्या दिवशी चुकते होतात. बायांनीच तसे ठरवले असेल तर गोष्ट निराळी, पण कापसाला भाव येईपर्यंत त्यांचे पैसे अडवून ठेवणे या वचनात बसत नाही. अडवलेली मजुरीच ओरड करते असे म्हणणारे याकोब ५:४ तर याहून कडक आहे. मजुरी थकवून वर सणाला साडी वाटणे, याला मी तरी दया म्हणत नाही.

धागाकर्ता:
ताई, सूचना पटली. अडचण एवढीच की आमच्या मंडळीत काही घरे शेतमालकांची आहेत आणि बाकीची त्यांच्याच शेतांत मजुरीला जातात. सगळे एकाच सतरंजीवर बसलेले असताना हे वचन कोणी वाचावे?

प्रतिसाद (वर्धा जिल्हा):
मालकाच्या घरच्याने वाचावे. मजुराने वाचले तर ते टोमण्यासारखे ऐकू जाईल. वाचन बाजाराच्या आदल्या संध्याकाळी ठेवा, म्हणजे कोणाचा हिशेब राहिला असेल तर तो दुसऱ्याच दिवशी चुकता करता येईल.