कर्णनादावर ध्वनीचा उपचार: वडिलांसाठी आधी काय करावे?

वडगाव, बेळगाव
माझे वडील तरुणपणापासून यंत्रमागावर काम करतात. त्यांच्या दोन्ही कानांत सतत शिट्टीसारखा आवाज (कर्णनाद) येतो आणि रात्री गल्लीतले माग थांबले की तो असह्य होतो. श्रवणचाचणीत वरच्या पट्टीचे आवाज कमी ऐकू येत असल्याचे दिसले. अन्य दोष आढळला नाही. कुणी श्रवणयंत्र सुचवतात, कुणी मास्कर (नाद झाकण्यासाठी कानात मंद आवाज सोडणारे उपकरण), तर कुणी मोबाईलवर पावसाचा आवाज लावायला सांगतात. सुरुवात कशाने करावी?

खानापूर, ऑडिओलॉजिस्ट
ऐकू कमी येत असेल, तर पहिला विचार श्रवणयंत्राचाच करावा. मागांच्या आवाजाने आतील कानातल्या, आवाज टिपणाऱ्या केसपेशी निकामी होतात, मेंदूकडे जाणारे संकेत घटतात आणि ती उणीव भरून काढण्याच्या प्रयत्नातून हा नाद निर्माण होतो, असे मानले जाते. बाहेरचे आवाज पुन्हा पोहोचू लागले की बऱ्याच जणांना तो कमी जाणवतो, शिवाय घरच्यांचे बोलणेही नीट कळते. अनेक श्रवणयंत्रांतच मंद आवाज सोडण्याची सोय असते, त्यामुळे वेगळा मास्कर घेण्याची घाई करू नये.

कोणताही आवाज लावला तरी कर्णनाद त्यात पूर्ण बुडवू नये. शास्त्रज्ञ जास्ट्रेबॉफ यांच्या पुनर्प्रशिक्षण पद्धतीत, म्हणजे मेंदूला नादाची सवय लावण्याच्या उपचारात, बाहेरचा आवाज कर्णनादापेक्षा किंचित कमीच ठेवतात, कारण जो नाद ऐकूच येत नाही, त्याची मेंदूला सवयही होत नाही. या पद्धतीला साधारण १२ ते १८ महिने लागतात आणि समुपदेशन हा तिचा निम्मा भाग आहे.

निपाणी
मलाही हा त्रास आहे. रात्री इअरफोनऐवजी उशाशी छोटा स्पीकर ठेवून पावसाचा आवाज अगदी हळू लावतो, झोप लागते. मात्र नादाची जी भीती बसली होती, ती बोधात्मक वर्तन-उपचारामुळे (त्रासाबद्दलचे विचार व सवयी बदलायला शिकवणारा मानसोपचार, CBT) कमी झाली. डॉक्टरांना त्याबद्दल अवश्य विचारा, कारण त्रास सुसह्य होण्याबाबत सर्वांत भक्कम पुरावा त्याच उपचाराचा आहे.

वडगाव, बेळगाव
आभारी आहे. वडील अजून मागावर जातात आणि कानात कापूस घालतात. तेवढे पुरेसे आहे का?

खानापूर, ऑडिओलॉजिस्ट
नाही, कापसाने आवाज फारसा अडत नाही. कामावर असताना फोमचे इअरप्लग किंवा इअरमफ वापरावेत; घरी मात्र ते काढावेत, कारण पूर्ण शांततेत कर्णनाद अधिक जाणवतो. नाद एकाच कानात येऊ लागला किंवा नाडीच्या ठोक्यांबरोबर ऐकू आला, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी. अचानक ऐकू येईनासे झाले, तर त्याच दिवशी जावे.