मदत हवी आहे: विक्रीच्या साइटकडून आलेला ईमेल खरा की खोटा? दुकान बंद पडलंय

विणकाम_वेडी
घाईत लिहितेय, कृपया लवकर सांगा. मी लोकरीच्या वस्तू विणून एका मोठ्या ऑनलाइन बाजारपेठेवर विकते. काल रात्री त्यांचा ईमेल आला: "तुमच्या खात्यात संशयास्पद व्यवहार आढळला आहे. 24 तासांत ओळख पडताळली नाही तर दुकान बंद होईल व जमा रक्कम रोखली जाईल." लोगो त्यांचाच, रंग त्यांचेच, खाली अटींची लिंकसुद्धा. तसं करूनही आज सकाळपासून लॉगिन होत नाहीये. सात ऑर्डरी अडकल्यात. ईमेल खरा आहे ना? कस्टमर केअरला कुठे गाठायचं?

जुनाजाणता
भाषा बघा. खोट्या ईमेलात शुद्धलेखनाच्या चुका असतात आणि तुमच्या नावाऐवजी "प्रिय ग्राहक" असतं. मी इतकी वर्षं एवढ्यावरच ओळखत आलोय.

कळफलक
ईमेल कोणत्या पत्त्यावरून आलाय? वर दिसतं ते नाव नको, ते कोणीही काहीही लिहू शकतो. ॲट चिन्हाच्या पुढचं सगळं जसंच्या तसं इथे लिहा.

वाटाड्या
@जुनाजाणता, असहमत. हल्ली खरा ईमेल जसाच्या तसा उचलतात. अटींची लिंक खरी, लोगो खरा, फक्त मधलं बटण त्यांचं. नावही असतं, कारण कुठून तरी फुटलेल्या यादीत नाव आणि ईमेल शेजारीशेजारीच असतात. चूक सापडली तर ईमेल खोटा, हे ठीक. पण चूक नाही म्हणून खरा असं धरलंत तर फसाल.

सुट्टेपैसे
मलाही अशाच एका साइटवर वस्तू तुटकी मिळाली होती. पार्सल उघडताना व्हिडिओ काढून ठेवा, परतावा लगेच मिळतो.

उंबरठा
ताई, "तसं करूनही" म्हणजे नक्की काय केलंत? बटण दाबलंत का? दाबल्यावर काय काय भरलंत? ईमेल खरा की खोटा हे नंतर बघू, आधी हे सांगा.

विणकाम_वेडी
@सुट्टेपैसे, मी विकणारी आहे, घेणारी नाही.
@कळफलक, फोनवर नुसतं नाव दिसतं, साइटचंच.
@उंबरठा, बटण दाबलं, लॉगिनचं नेहमीचं पान आलं, पासवर्ड टाकला. मग फोनवर सहा आकडी कोड आला, तोही टाकला. "पडताळणी पूर्ण" असं आलं आणि साइटचं खरं मुखपृष्ठ उघडलं. कुलुपाचं चिन्हही होतं. म्हणून तर मला तो खराच वाटला.

कळफलक
फोनवर पाठवणाऱ्याच्या नावावर बोट टेकवा, पूर्ण पत्ता उघडेल.
कुलुपाचा अर्थ एवढाच की तुमच्या आणि त्या पानाच्या मधे कोणी डोकावत नाही. पान कोणाचं आहे ते कुलूप सांगत नाही, चोरालाही ते फुकट मिळतं. लोक कुलुपाला विश्वासाची खूण समजतात म्हणूनच क्रोमने सप्टेंबर 2023 मध्ये ते चिन्ह पत्त्याच्या पट्टीतून काढलं.

विणकाम_वेडी
उघडला. ॲटच्या पुढे साइटचं नाव आहे, मग डॉट, मग "सेलर-केस-डेस्क", मग डॉट कॉम. साइटचं नाव आहे म्हणजे त्यांचाच ना?

कळफलक
नाही. पत्ता उलटा वाचायचा. आधी "डॉट कॉम", त्याच्या लगेच डावीकडे जे आहे तो मालक. इथे मालक "सेलर-केस-डेस्क". त्याच्याही डावीकडे मालक वाट्टेल ते नाव लावू शकतो. लिंकच्या बाबतीतही हेच: सुरुवातीच्या दोन तिरप्या रेघा सोडून पुढची पहिली एकटी तिरपी रेघ शोधा आणि तिथून मागे या. रेघेच्या उजवीकडे साइटचं नाव दहादा आलं तरी त्याला काही अर्थ नाही. ईमेल खोटा आहे.

जुनाजाणता
पण कोड तर यांच्याच फोनवर आला होता. तो काही चोराकडे गेला नाही. पासवर्ड बदला आणि निवांत राहा.

वाटाड्या
@जुनाजाणता, कृपया असं सांगू नका, त्यांचं नुकसान होईल. खोट्या पानाच्या मागे चोराचं यंत्र खऱ्या साइटशी त्याच क्षणी बोलत असतं. यांनी पासवर्ड टाकला, तो तिकडे खऱ्या साइटवर टाकला गेला. खऱ्या साइटने कोड धाडला, म्हणून तो फोनवर आला. यांनी तो खोट्या पानावर टाकला आणि चोर आत शिरला. आत गेल्यावर त्याचं लॉगिन चालू राहतं, नुसता पासवर्ड बदलून ते तुटेलच असं नाही. "सर्व उपकरणांवरून बाहेर पडा" हा पर्याय वेगळा असतो, तो दाबावाच लागतो.

निळीशाई
या सगळ्यावर उपाय एकच, पासवर्ड मॅनेजर, म्हणजे पासवर्ड जपून ठेवून आपोआप भरणारं ॲप. तो पासवर्ड पत्त्याशी बांधून ठेवतो. पत्ता वेगळा दिसला की आपण कितीही घाईत असलो तरी तो भरतच नाही. मी चार वर्षं वापरतेय.

वाटाड्या
आणि भरत नाही म्हटल्यावर लोक कॉपी करून हाताने चिकटवतात. त्यापेक्षा साइट देत असेल तर पासकी घ्या, म्हणजे पासवर्डऐवजी फोनचं लॉक (बोटाचा ठसा किंवा पिन) वापरून लॉगिन. ती दुसऱ्या पत्त्यावर चालतच नाही, हाताने द्यायला काही नसतंच.

निळीशाई
मी चिकटवत नाही. सगळ्या साइटवर पासकी मिळत नाही, तोवर काय करायचं ते मी सांगतेय.

उंबरठा
हा वाद नंतर घाला. ताई, साइटचा पासवर्ड आणि ईमेलचा पासवर्ड एकच आहे का?

विणकाम_वेडी
हो. लक्षात राहावा म्हणून.

उंबरठा
मग दुकान राहू द्या, आधी ईमेल वाचवा. ईमेल त्यांच्या हातात असला तर दुकानाचा नवा पासवर्डही ते पुन्हा बदलून घेतील. आत्ता, याच क्रमाने: ईमेलचा पासवर्ड बदला, सगळ्या उपकरणांवरून बाहेर पडा, पासवर्ड परत मिळवण्यासाठी दिलेला फोन नंबर आणि दुसरा ईमेल तुमचाच आहे का ते बघा. मग सेटिंगमध्ये "फिल्टर" आणि "फॉरवर्डिंग" उघडा. तिथे तुम्ही न केलेलं काही आहे का ते सांगा. मी इथेच आहे.

चष्माघर
फोन पूर्ण फॉरमॅट करा, व्हायरस गेला असणार.

कळफलक
@चष्माघर, त्यांनी काही डाउनलोड केलेलं नाही, पासवर्ड स्वतः टाकलाय. फॉरमॅट करून गेलेला पासवर्ड परत येत नाही, उलट कोड येणारं ॲप मात्र हातचं जाईल.

विणकाम_वेडी
पासवर्ड बदलला, सगळीकडून बाहेर पडले. फिल्टर उघडलं तर एक नियम आहे, मी केलेला नाही. साइटचं नाव असलेला कुठलाही ईमेल "वाचला" अशी खूण करून थेट कचरापेटीत. कचरापेटीत चार ईमेल आहेत: नव्या उपकरणावरून लॉगिन, पासवर्ड बदलला, फोन नंबर बदलला, पैसे जमा होण्याचं बँक खातं बदललं. शेवटचा पहाटे 3:12 चा. माझे हात कापताहेत.

उंबरठा
नियम पुसा, पण त्याआधी त्याचा स्क्रीनशॉट घ्या. चारही ईमेल कचरापेटीतून बाहेर काढा, ते तुमचा पुरावा आहेत. खोटा ईमेलही पुसू नका. आता ब्राउझरमध्ये साइटचा पत्ता स्वतः टाइप करा, तिथल्या मदत विभागात "माझं खातं दुसऱ्याने घेतलंय" असा पर्याय असतो. पहिल्याच वाक्यात लिहा की बँक खातं बदललं गेलंय आणि पैसे पाठवणं थांबवा. कस्टमर केअरचा नंबर सर्च करून लावू नका, तिथेही खोटे नंबर पेरलेले असतात. त्या खात्याला तुमचं कार्ड जोडलेलं असेल तर बँकेला फोन करा, नंबर कार्डाच्या मागचाच घ्या.

कळफलक
अवांतर: पुढच्या वेळी खात्रीसाठी ईमेल न उघडताही बघता येतं. ॲमेझॉनच्या खात्यात मेसेज सेंटर असतं, ईबेवरही स्वतःची निरोपपेटी असते. ईमेलमधलं तिथे नसलं तर संशय घ्यायचा.

निळीशाई
@कळफलक, त्यातही एक खोच आहे. मला निरोपपेटीतच "खरेदीदारा"चा निरोप आला होता, "पैसे भरता येत नाहीत, हा क्यूआर कोड स्कॅन करून खातं पडताळा." पेटी खरी, निरोप लिहिणारा चोर.

जुनाजाणता
कोडाबद्दल माझं चुकलं. विणकाम_वेडी, क्षमस्व. मी स्वतःच्या ईमेलचे फिल्टर आत्ता पहिल्यांदा उघडून पाहिले.

विणकाम_वेडी
साइटला कळवलं, तक्रार क्रमांक मिळाला. पैसे पाठवणं थांबवलंय, खातं परत द्यायला ओळखपत्र मागताहेत. ते साइटवरच, मदत विभागातच मागितलंय, पत्ता उलटा वाचून पाहिला. बँकेनेही कार्ड बंद केलंय.
आत्ताच एका नव्या आयडीने व्यनि (इथला खाजगी निरोप) केलाय की थोडी फी आगाऊ दिली तर तो खातं तासाभरात परत मिळवून देईल. काय करू?

उंबरठा
उत्तर देऊ नका. एकदा फसलेल्या माणसाकडे असे लोक लगेच येतात. व्यनि संपादकांना पाठवा, मीही कळवतोय. आणि तो जुना पासवर्ड आणखी कुठे कुठे वापरलाय, त्याची यादी करायला घ्या. बँकेपासून सुरुवात करा.

विणकाम_वेडी
यादी करतेय. अकरा झाल्या, अजून आठवताहेत.