गावच्या रस्त्याला राज्याने पैसा का द्यावा? लांब उत्तर आहे, शेवटपर्यंत वाचा

गोदाकाठ:
काल इथे करदाता_ठाणे यांनी लिहिलं की राज्याचा पैसा जिथे परतावा मिळतो तिथेच, म्हणजे महामार्गांना आणि मेट्रोला जावा. गावाला डांबर हवं असेल तर गावाने घरपट्टी वाढवावी, वर्गणी काढावी आणि करावं. खाली बऱ्याच जणांनी अंगठे दिले. रात्री झोप लागली नाही, म्हणून वेगळा धागा काढतोय.

मी समृद्धीच्या विरोधात नाही. ७०१ किलोमीटरचा रस्ता झाला, मलाही त्याचा अभिमान आहे. इंटरचेंज आमच्या गावापासून जवळ आहे. पण तिथपर्यंत नेणारा रस्ता इजिमा, म्हणजे इतर जिल्हा मार्ग. महामार्गाचं काम चालू होतं तेव्हा मुरुमाच्या हायवा, म्हणजे मोठे डंपर, रात्रंदिवस याच रस्त्यावरून गेल्या. महामार्ग उभा राहिला आणि आमचा रस्ता संपला. आता कांद्याचा पिकअप गावातून निघाला की इंटरचेंजला पोहोचेपर्यंत निम्म्या गोण्यांच्या शिवणी उसवतात. दुधाच्या गाडीवाल्याने पावसाळ्यात यायचंच सोडलं, कॅन मोटारसायकलवर फाट्यापर्यंत न्यावे लागतात. महामार्गाला टोल मिळतो, तो वहीत दिसतो. हे दूध नासतं ते कोणाच्या वहीत दिसतं?

आणि गावाने करावं म्हणजे कशातून? घरपट्टी दिवाबत्ती आणि नळयोजनेच्या वीजबिलात जाते. पंधराव्या वित्त आयोगाचा ६० टक्के निधी पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला. एक किलोमीटर रस्ता पायापासून नीट करायचा तर आजच्या दराने ५० लाखांच्या आत भागत नाही. पेट्रोलवरचा व्हॅट मी भरतो, गाडी घेताना एकरकमी वाहनकर मीही भरला. तो पैसा माझ्या रस्त्यावर मागितला तर ती भीक होत नाही.

करदाता_ठाणे:
माझं नाव घेतलंत म्हणून उत्तर देतो. गावांनी चिखलात राहावं असं मी कुठेही लिहिलेलं नाही. जो पैसा देतो त्याला तो कुठे गेला हे दिसलं पाहिजे, एवढंच म्हणणं.

व्यवसाय कर १९७५ पासून पगारातून कापला जातो, वर्षाला २,५०० रुपये. तो रोजगार हमीसाठी आणला होता. म्हणजे शहरातला नोकरदार गावच्या कामांना ५० वर्षं पैसे देतोच आहे. मुंबईचा कोस्टल रोड पालिकेने स्वतःच्या तिजोरीतून बांधला, राज्याकडे हात पसरला नाही. आणि मी घोडबंदर रोडला राहतो. पावसाळ्यात सात-आठ किलोमीटरला दीड तास जातो, खड्ड्यांत दुचाकीवाले पडून मरतात. आमच्यासाठी कोणी धागा काढत नाही.

आता गावांचं बोलू. आमदार निधी वर्षाला ५ कोटी. माझ्या सासुरवाडीच्या गावात वेशीवर ग्रॅनाइटची कमान उभी आहे, सभामंडप आहे, दुसरा सभामंडपही आहे. कमानीच्या आत पाऊल टाकलं की चिखल. हे गावानेच मागून घेतलं ना?

नागपूरकर:
समृद्धीवर बोलणाऱ्यांनी जरा जपून बोला भाऊ. १९८४ मध्ये दांडेकर समितीने अनुशेष, म्हणजे मागे पडलेल्या भागांचा राहिलेला विकास, मोजून दिला, त्यात रस्ते होतेच. तो भरायला आमच्या दोन पिढ्या गेल्या. आम्हाला आयुष्यात पहिल्यांदा एक धड रस्ता भेटला तर लगेच सगळ्यांना गावचे रस्ते आठवून राहिले.

घाटमाथा:
अनुशेषाचं कोण नाकारतंय? पण त्याच नावाखाली शक्तिपीठ महामार्ग आमच्या गळ्यात का मारताय ते सांगा. पवनार ते पत्रादेवी, २०२५ च्या आराखड्यात ८०२ किलोमीटर, अंदाज ८६ हजार कोटींच्या वर. २४ जून २०२५ ला मंत्रिमंडळाने जमिनीसाठी २० हजार कोटींना मान्यता दिली. रत्नागिरी–नागपूर महामार्ग आधीच आहे, तो भरून वाहत नाही. आमची पिकाऊ, पाटपाण्याची जमीन, ऊस उभा असलेली, ती हवी यांना. देवीला जायला आम्हाला रस्ता होता आणि आहे. कोल्हापुरात आम्ही टोल घालवलाय २०१५ ला, हेही लक्षात असू द्या.

नागपूरकर:
तुमच्याकडे पाटपाणी आहे म्हणून तुम्हाला रस्ता नको. आमच्याकडे पाणी पण नाही अन् रस्ता पण नव्हता. पश्चिम महाराष्ट्राने आयुष्यभर ताट ओढलं, आता वाढणाऱ्यालाच शिव्या.

घाटमाथा:
ताटाची भाषा बंद करा. माझ्या चुलत्याची दीड एकर आधी एका रस्त्यात गेली, मोबदल्यासाठी अकरा वर्षं कोर्टात चकरा मारल्या. तो गेला, पैसे पोरांना मिळाले. हे तोंडाला येईल ते बोलण्याआधी एकदा जमीन देऊन बघा.

खडीकरण_निवृत्त:
दोघंही थांबा. मी बांधकाम खात्यात नोकरी काढली. इथे सगळे नव्या रस्त्यावर भांडताहेत, पैसा मुरतो दुसरीकडे.

मोठा महामार्ग कर्ज काढून होतो. टोल गहाण ठेवता येतो म्हणून बँक पैसे देते. इजिमा आणि ग्रामीण मार्गांवर कोणी कर्ज देत नाही, त्यांचा जीव अर्थसंकल्पाच्या दोन शीर्षांत. पन्नास-चोपन्न मध्ये नवं काम, तीस-चोपन्न मध्ये दुरुस्ती. पन्नास-चोपन्नला नारळ फुटतो, फलक लागतो, फोटो येतो. साइडपट्टी भरली, गटार उपसलं, मोरीतला गाळ काढला याचा फोटो कोण छापणार? म्हणून दुरुस्तीला तरतूद नेहमी अपुरी. काळ्या मातीतला रस्ता वरून मरत नाही, बाजूने पाणी मुरून मरतो. वर डांबराचं कितीही कारपेट टाका, गटार नसेल तर दोन पावसाळे.

दुसरं, टोकन तरतूद. दहा रुपयांच्या कामाला एक रुपया ठेवायचा आणि प्रशासकीय मान्यता दहाची द्यायची. आमदार खूश, गाव खूश. बिलं मात्र मागे राहतात. २०२५ मध्ये ठेकेदार संघटनांनी सगळ्या खात्यांचे मिळून ८९ हजार कोटी थकल्याचं सांगितलं. आकडा त्यांचा आहे, पण दिशा खरी आहे. ज्याचं बिल दोन-दोन वर्षं निघत नाही तो डांबरात हात आखडणारच. त्यावर निविदा पंचवीस-तीस टक्के बिलो, म्हणजे अंदाजपत्रकापेक्षा कमी दराने, भरलेली.

आणि हायवाचं गोदाकाठ यांनी बरोबर धरलं. एक्सलवरचं वजन दुप्पट झालं की रस्त्याची झीज जवळजवळ सोळापट होते. केंद्राने २०१८ मध्ये तीन एक्सलच्या ट्रकची मर्यादा २५ टनांवरून २८.५ टनांवर नेली. ग्रामीण रस्त्याची जाडी काही त्याबरोबर वाढली नाही. महामार्गाच्या अंदाजपत्रकातच आजूबाजूचे वाहतुकीचे रस्ते पूर्ववत करण्याची रक्कम वेगळी बांधून ठेवली पाहिजे, आणि ती वळवता येऊ नये.

घंटी_वाहक:
साहेब, डांबराचं सगळं मान्य. पण रस्ता कशाला हवा ते कोणी बोललंच नाही. गाडी यायला. मी एसटीत वाहक आहे. एका मार्गावर आमची मुक्कामी गाडी होती. रात्री साडेआठला गावात जायची, पहाटे निघायची, त्यात दूधवाले, कॉलेजची पोरं, तालुक्याला दवाखान्यात जाणारी म्हातारी माणसं. रस्ता असा झाला की गाडीचे पाटे तुटायला लागले. चालक नाही म्हणायचे, आणि त्यांचंही चूक नव्हतं. शेवटी गाडी फाट्यापर्यंतच राहिली. फाट्यापासून गाव चार किलोमीटर, मधे ओढा.

करदाता_ठाणे:
एसटीचं निघालंच आहे तर बोलतो. १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट. त्याआधी पंचाहत्तरीच्या पुढे सगळं फुकट. जानेवारी २०२५ ला जवळजवळ १५ टक्के भाडेवाढ. म्हणजे सवलत जाहीर करायची, महामंडळाला सरकारने पैसे देत बसायचं, उरलेल्यांनी जास्त भरायचं. लाडकी बहीणला सुरुवातीलाच वर्षाला ४६ हजार कोटी धरले. हाच पैसा तीस-चोपन्नला गेला असता तर हा धागाच लागला नसता. रस्ता मागायचा आणि सवलतही मागायची, दोन्ही कसं चालेल?

जव्हारची_मास्तरीण:
चालेल. चाललंच पाहिजे. मी इतका वेळ गप्प होते.

अर्ध्या तिकिटाने काय झालं ते माझ्या वर्गात येऊन बघा. आधी आई बाजाराला जायची तर बापाकडे पैसे मागायची, आता विचारत नाही. पोरीला दवाखान्यात न्यायचं तर घरात सभा भरत नाही. सातवीनंतर घरी बसवलेल्या मुली मानव विकास योजनेच्या निळ्या गाडीने हायस्कूलला जायला लागल्या. ती गाडी फुकट आहे म्हणूनच बाप पाठवतो. जिथे रस्ता खचला आणि गाडी बंद झाली, तिथे दिवाळीनंतर मुली परत आल्याच नाहीत. दोघींची लग्नं झाली. सतरा वर्षांच्या होत्या.

तुम्ही वर्गणी काढा म्हणालात. आमच्याकडे दिवाळी झाली की पाडे रिकामे होतात, माणसं वीटभट्टीवर जातात. वर्गणी कोणाकडे मागू? ऑगस्ट २०२२ मध्ये मोखाड्यात एका बाईची जुळी बाळं गेली. तिला झोळीत घालून डोंगर उतरवावा लागला, कारण पाड्याला रस्ता नव्हता. पंतप्रधान सडक योजनेत आदिवासी भागाला लोकसंख्येची अट २५० ची. त्याखालचा पाडा यादीतच बसत नाही. चाळीस उंबऱ्यांचा पाडा परतावा कसा दाखवणार?

घाटमाथा:
ताई, याला उत्तर नाही.

करदाता_ठाणे:
मॅडम, झोळीचं वाचून मलाही वाईट वाटलं, आणि मी ती बाळं मारली असं तुम्ही सूचित करू नका. माझा मुद्दा सवलतीच्या हिशेबाचा होता.

जव्हारची_मास्तरीण:
मी काहीही सूचित केलेलं नाही. तुम्ही परतावा विचारलात, मी सांगितला.

घंटी_वाहक:
सवलतीचा हिशेब मी रोज करतो, मशीन माझ्याच गळ्यात असतं. अर्ध्या तिकिटानंतर गाड्या भरल्या. आधी वडापच्या जीपला लटकून जाणाऱ्या बायका आमच्याकडे आल्या. फरक शासनाने महामंडळाला वेळेवर दिला तर सवलत गाडीला बुडवत नाही. बुडवतं ते हे, की गाडी जुनी, सुटा भाग मिळत नाही, आणि रस्ता तिला वर्षाच्या आत खिळखिळी करतो. डिझेल जास्त जातं, टायर जास्त जातात. रस्त्याचा पैसा वाचवला म्हणता, तो आमच्या आगारात खर्च होतो.

नागपूरकर:
हे मात्र पटलं. आमच्याकडे समृद्धीवरून गाडी सुसाट येते, खाली उतरून तालुक्याच्या रस्त्याला लागली की जीव जाते. पण म्हणून महामार्ग नको असं मी म्हणणार नाही.

गोदाकाठ:
कोणीच म्हटलं नाही भाऊ. मी पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय.

करदाता_ठाणे:
ठीक. सगळे माझ्यावरच तुटून पडलात तरी एक मान्य करतो: ज्या रस्त्यावरून एसटी किंवा शाळेची गाडी जाते, त्याची दुरुस्ती राज्याने आधी करावी, गावाकडून एक पैसा न मागता. त्याला परताव्याची अट नको. पण माझंही ऐका. सभामंडप आणि कमानींना बंदी घाला, निदान गावात जाणारा रस्ता धड होईपर्यंत. आणि प्रत्येक कामाचा पैसा किती आला, किती दिला, हे गावात लावा. घोडबंदरलाही लावा. यावर तडजोड नाही.

गोदाकाठ:
कमानीचं मला मान्य आहे, गावात वाद होईल तरीही. पण लावणार कोण? २०२२ पासून कित्येक वर्षं बहुतेक जिल्हा परिषदांत प्रशासक होता. रस्त्याचं गाऱ्हाणं घेऊन जायला गटाचा सदस्यच नाही. आमदार म्हणणार इजिमा माझा नाही, कार्यालय म्हणणार यादी मुंबईत आहे. शहरातल्या लोकांनाही हे भोगावं लागलं, महापालिकांत हेच होतं. तुम्ही आमच्याशी भांडताय, पण नगरसेवक तुम्हालाही नव्हता.

करदाता_ठाणे:
ते खरं आहे. त्यावर वेगळं भांडू.

घाटमाथा:
भांडा, पण शक्तिपीठाचे २० हजार कोटी विसरू नका. त्यात किती इजिमा नीट होतील याचा हिशेब खडीकरण साहेबांनीच करावा.

खडीकरण_निवृत्त:
गोदाकाठ यांचा ५० लाखांचा दर धरला तर ४० हजार किलोमीटर. कर्जाचा पैसा असा सरळ वळवता येत नाही, हेही लिहून ठेवा. पण आकडा मोठा आहे, नाकारत नाही.

गोदाकाठ:
साहेब, एक विचारायचं होतं. आमच्या रस्त्यावर कारपेट टाकल्याचं कागदावर आहे म्हणतात, जागेवर खडी उघडी. कुठे जाऊ?

खडीकरण_निवृत्त:
आधी रस्त्याचा क्रमांक मिळवा, नुसतं गावाचं नाव सांगितलं की टोलवतात. माहिती अधिकारात चार गोष्टी मागा: अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तकाची प्रत, काम पूर्ण झाल्याचा दाखला. दाखल्याच्या तारखेपासून दोषदायित्वाची मुदत मोजा. ती उरली असेल तर ठेकेदाराला स्वतःच्या खर्चाने दुरुस्ती करावी लागते, आणि त्याची अनामत कार्यालयाकडे असते. मुदत संपत आली की अनामत सोडवायची घाई होते, म्हणून आधी लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. साइडपट्टीपासून साइडपट्टीपर्यंत टेप लावून फोटो काढा, जाडीसाठी कडेला एक छोटा खड्डा घ्या. पाऊस पडायच्या आत.