मदत हवी आहे: सातेरीच्या राण्या अर्धवट निघतायत

नमस्कार मंडळी, भोरकडे शेतावर सातेरी मधमाश्यांच्या पेट्या आहेत, यंदा वाढवायच्या म्हणून राण्या तयार करायचा घाट घातलाय. कामकरी माशीच्या घरातली अळी उचलून मेणाच्या कपात ठेवायची आणि राणी काढलेल्या पेटीत द्यायची, एवढं जमतंय, माश्या कप स्वीकारतात पण. पण निघतंय काय तर धड राणी नाही धड कामकरी नाही! पोट आखूड, आणि भिंगातून बघितलं तर मागच्या पायावर परागाची टोपली अर्धवट दिसते, जी राणीला नसतेच. कपात रॉयल जेली (माश्या अळीला भरवतात ते दुधट खाणं) भरपूर होती, मग घोडं कुठे पेंड खातंय? अळी तांदळाच्या दाण्याएवढी घेतो, बारीक उचलताच येत नाही.

प्रतिसाद १:
वय! तांदळाएवढी म्हणजे उशीर झाला. फलित अंडं राणी-कामकरी दोघींचं तेच, आणि पहिले साधारण तीन दिवस जेली दोघींनाही मिळते, मग कामकरीच्या ताटात मध आणि पराग येतो आणि तिथे फाटा फुटतो. लोक जेलीचंच कौतुक करत बसतात (जेलीच्या कॅप्सूल विकणारे तर विचारूच नका) पण २०१५ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातल्या लोकांनी दाखवलं की मध-परागातलं पी-कुमॅरिक ॲसिड नावाचं रसायन अळीच्या खाण्यात मिसळलं की अंडाशय लहान राहतं, कामकरीसारखं. म्हणजे राणीला काय मिळतं एवढंच नाही, काय मिळत नाही ते पण बघायचं. त्याआधी २००८ मध्ये कॅनबेराच्या संशोधकांनी नुकत्या फुटलेल्या अळ्यांमधलं डीएनएवर मिथाइलच्या खुणा (जनुकांचं काम बदलणाऱ्या रासायनिक खुणा) लावणारं एन्झाइम दाबून टाकलं तर बऱ्याचशा राण्याच निघाल्या! हे प्रयोग युरोपियन माशीवरचे आहेत, पण सातेरीत पण वयाचं गणित तेच. तुमच्या त्या अर्ध्या टोपल्या म्हणजे अळी कामकरीच्या वाटेला लागली होती आणि मग तुम्ही तिला राणीघरात बसवली, आता कितीही जेली ओता, पूर्ण मागे फिरत नाही.

प्रतिसाद २:
वर बरोबर सांगितलंय. राणीला एक दिवस रिकाम्या पोळ्याच्या चौकटीवर जाळीत कोंडा, म्हणजे अंड्यांचं वय नक्की कळेल. अंडं तीन दिवसांत फुटतं, चौथ्या दिवशी अळी घ्या, अंड्यापेक्षा जेमतेम मोठी, जराशी वाकलेली, दुधट खाण्यावर तरंगत असते. लवचिक जिभेचं चायनीज ग्राफ्टिंग टूल ऑनलाइन मिळतं, ते अळी खालच्या जेलीसकट उचलतं. उलटी पडली तर सोडून द्या, गुदमरते. आणि कप देणार त्या पेटीत तरुण माश्या भरपूर हव्यात, जेली त्यांच्याच डोक्यातल्या ग्रंथीतून येते.

धागाकर्ता:
भारी, टूल मागवतो. पण या अर्धवट राण्यांचं काय करू, त्या पेट्यांना दुसरी राणीच नाहीये ना?

प्रतिसाद २:
काढून टाका, त्यांच्या भरवशावर पेटी टिकत नाही. चांगल्या पेटीतली ताज्या अंड्यांची चौकट द्या, माश्या आपणहून राणीघर बांधतील, तेवढ्यात तुमचं टूल पण येईल.