अनुभव धागा: घोड्यावरून, रेंगीतून, जनावर सोबत घेऊन केलेली जत्रा

वऱ्हाडी वाटसरू (धागाकर्ता)

राजस्थानातल्या पुष्करच्या जनावरांच्या मेळ्याला घोड्यावरून नेणाऱ्या सहली निघतात. मंगोलियात जुलैमधल्या नादाम या सणाच्या सुमाराला परदेशी पाहुणे पैसे भरून माळरानं तुडवतात. आमच्या आजोबांना हे सांगितलं असतं तर पोट धरून हसले असते, कारण त्यांना जनावराशिवायची जत्रा ठाऊकच नव्हती. रेंगी (छोटी बैलगाडी) जुंपायची, मागे कुटाराचं (वैरणीच्या भुशाचं) पोतं बांधायचं आणि पहाटे निघायचं. आता आपण जत्रेला जातो, गाडी लावायला जागा शोधतो आणि खाऊन परत येतो.

मला एवढंच जाणून घ्यायचंय: जनावर घेऊन जत्रेत उतरलं की तिथली माणसं आपल्याशी वेगळी वागतात का? घोडा असो, बैलजोडी असो, विदर्भातलं असो की बाहेरचं, लिहा. चारचाकीतून जाऊन मटणाची हंडी खाल्ल्याचे अनुभव कृपया इथे नकोत, ते सगळ्यांकडे आहेत.

परतवाड्याचा पोट्टा

बहिरमच्या जत्रेला (अमरावती जिल्हा) घोडीवरून गेलोय, सविस्तर लिहितो.

बहिरमची जत्रा २० डिसेंबरच्या आसपास सुरू होते आणि महिन्याहून जास्त चालते. नेमका तेव्हाच धनुर्मास, मग पौष, म्हणजे लग्नांना सुट्टी. वरातीच्या घोड्या ठाणावर उभ्या राहून फुकटचा हरभरा खातात. ओळखीचा घोडीवाला दिवसाच्या हिशेबानं घोड्या द्यायला एका पायावर तयार झाला. त्याची अट एकच, तो स्वतः सोबत येणार आणि रात्री घोड्यांजवळ झोपणार. (ही अट जो घालत नाही त्याची घोडी घेऊ नका.)

वरातीच्या घोडीला भोंगा, फटाके, गर्दी यांचं काही वाटत नाही. जत्रेसाठी याहून चांगलं शिक्षण नाही. फक्त वाटेत कुठे डफडं वाजलं की ती जागेवर नाचायला लागते आणि वरचा माणूस खोगिराला लटकतो. रस्त्यानं लोकांचा प्रश्न ठरलेला: "नवरदेव कुठी हाय?" एक आजी तर आमच्याकडं बघून म्हणाली, "तीन तीन घोड्या अन् नवरदेव एकबी नाही, कायची वरात हाय बाप्पा!"

डांबरी रस्ता टाळला, कारण नाल मारलेला खूर डांबरावर घसरतो आणि बैतूल रोडला ट्रक फार. चांदूर बाजारकडच्या पांदणीनं (शेतांमधल्या गाडीवाटेनं) आत शिरलो. दोन्ही बाजूंना आंबिया बहाराच्या संत्र्यांची तोड चालू, पुढे तूर, मग कापूस वेचणाऱ्या बाया. फटाक्यांना न भिणाऱ्या त्या घोड्या पांदणीत आडव्या टाकलेल्या स्प्रिंकलरच्या पाइपापुढे मात्र अडून बसल्या. प्रत्येक पाइपाला खाली उतरून लगाम धरून पार करावं लागलं.

आता मुद्द्याचं. बहिरमला पोचलो तर राहुट्यांतल्या शेतकऱ्यांनी आधी घोडीचे दात पाहिले, मग आमचं गाव विचारलं. नाव विचारलंच नाही कोणी. "पाणी पाजलं का?" हा पहिला प्रश्न. दुसऱ्यानं खुटा ठोकायला जागा करून दिली. तिसऱ्यानं प्रेमानं सरकीची ढेप पुढे केली. घोडीवाल्यानं ती हात जोडून नाकारली, तर त्यावर अर्धा तास चर्चा: घोड्याला ढेप का नाही, मग हरभरा किती, भिजवून की कोरडा. त्या चर्चेतच आम्ही जेवायला बसलो. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले रोडगे, वांग्याची भाजी, शेजारच्या चुलीवर हंडी. मागल्या वर्षी मोटरसायकलनं गेलो होतो तेव्हा हंडीवाल्यानं फक्त "किती किलो?" विचारलं होतं.

सदरची नागपूरकर

मी पुष्करची घोडसहल केली आहे, म्हणून थोडं उलट लिहिते.

कार्तिकातला मेळा. सोबत वाटाड्या, मागून जीपमध्ये तंबू आणि स्वयंपाकी. घोडे मारवाडी, कानांची टोकं आत वळून एकमेकांना टेकणारी. काही घोड्यांना रवाल चाल असते, तीत स्वार जवळजवळ हलतच नाही. माझ्या घोड्याला ती नव्हती. दुडकी चालीत खोगिरावर तालात उठबस करायला शिकेपर्यंत मांड्यांची सालं निघाली. जाड जीन्स घालू नका, आतली शिवण फार सोलते.

एक गोष्ट आयोजक ठळक सांगत नाहीत. जनावरांचा खरा बाजार पौर्णिमेच्या आधीच्या दिवसांत असतो. पौर्णिमेच्या स्नानाला गर्दी उसळते तोवर बरेच व्यापारी सौदे आटोपून निघालेले असतात. फोटोतला तो उंटघोड्यांनी भरलेला वाळूचा माळ बघायचा असेल तर आधी पोचा.

आणि धागाकर्त्याच्या प्रश्नाचं उत्तर: घोड्यावर असूनही तिथे आम्ही पाहुणेच होतो. तंबू बाजारापासून लांब, चहा चिनीमातीच्या कपात. फरक पडला तो आमच्या घोडेवाल्यामुळे. तो त्याच भागातला. संध्याकाळी घोडे फिरवायला तो बाजारात निघाला आणि मी मागे चालत गेले, तेव्हा कुठे कोणी खाटेवर सरकून जागा दिली. माझ्या घोड्याला एकानं गिऱ्हाईकही लावलं! त्यामुळे परतवाड्याच्या पोट्ट्यांचं जे स्वागत झालं ते घोडीमुळे की घोडीवाल्यामुळे, हे मला विचारायचंय.

परतवाड्याचा पोट्टा

@सदरची नागपूरकर, खरं सांगायचं तर घोडीवाल्याला तिथं निम्मे लोक ओळखत होते. निम्म्यांच्या वराती त्यानंच काढलेल्या.

धामणगाववाले काका

आमच्याकडे घोडा नाही, बैल. तळेगाव दशासरचा शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, लहानपणी वडिलांसोबत दमणीतून (बैलगाडीतून) जाऊन पाहिला. शंकरपटाला जाणं म्हणजे आपली जोडी दाखवायला जाणं, मग ती पळणारी असो वा नसो. वाटेत प्रत्येक गावाच्या आखरावर (गुरं जमतात त्या मोकळ्या जागी) थांबा, कारण कोणीतरी हाक मारणारच: "कुठल्या बाजारची? चौसा का सहादाती?" (म्हणजे चार दातांची की सहा, दातांवरून वय.) बैलाच्या पाठीवर हात फिरवायचा, खुरांकडे बघायचं, आणि विकायची नाही हे माहीत असूनही भाव सांगायचा. कोणी खरंच घेणारा निघाला तर दुपट्ट्याखाली बोटं धरून सौदा, आजूबाजूच्यांना आकडा कळू नये म्हणून.

७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयानं शर्यती थांबवल्या. १६ डिसेंबर २०२१ ला अटींसह परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठानं राज्याचा कायदा कायम ठेवला. मधल्या वर्षांत कितीतरी दावणी रिकाम्या झाल्या. पळणारी जोडी सांभाळायला शेतीच्या जोडीपेक्षा जास्त खर्च, आणि पळायला जागाच नाही. आता पट सुरू झाले, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, चाबूक-तुतारी (टोचायची काठी) चालत नाही, हे बरंच झालं. पण जोड्या येतात पिकअपमधून. उतरल्या, धावल्या, सेकंद लागले, परत चढल्या. आखरावर हाक मारायला कोणी राहिलं नाही. घड्याळातल्या सेकंदांपुरताच बैल दिसतो, बाकी वेळ फाळका वर असतो. माझ्या मते निम्मा पट तिथेच गेला. नातू म्हणतो, काका लोकांना सगळंच जुनं चांगलं वाटतं. वाटू दे.

शंकेखोर

हौस म्हणून मुक्या जनावराला थंडीत मैलोन् मैल नेणं मला पटत नाही. सुट्टी तुमची, श्रम त्याचे.

गुरांचा डॉक्टर

@शंकेखोर, चालण्यानं घोड्याचं वाईट होत नाही, उभं राहण्यानं होतं. तब्येतीत असलेल्या घोड्याला चालीनं दिवसाला २५-३० किलोमीटर जड नाहीत. जिवावर बेततं ते बहुतेक पोटाचं दुखणं. घोड्याला उलटी होत नाही. जत्रेत एकदम नवा चारा, बुरशी धरलेलं कुटार किंवा कोणी प्रेमानं दिलेली ढेप पोटात गेली की शूळ उठतो, रात्री डॉक्टर मिळत नाही, आणि सकाळी फार उशीर झालेला असतो. घोडीवाल्यानं ढेप नाकारली हे त्या सगळ्या सहलीतलं सर्वांत शहाणपणाचं काम. चारा घरचाच न्यायचा. पाणी दिवसाला ३० लिटरच्या पुढेच लागतं, त्यामुळे मुक्काम विहिरीजवळ बघायचा. बांधताना लगामानं बांधू नका. दचकून मागे ओढलं तर तोंड फाटतं. दोर मोहरकीलाच (तोंडावरच्या दोरीच्या पट्ट्याला).

दुसरं, आजार. शेंबा म्हणजे ग्लँडर्स. हा घोड्यांतून माणसाला होऊ शकतो, लस नाही, आणि तपासणीत पक्का झाला तर जनावर मारावंच लागतं. परिसरातल्या घोड्यांची ने-आण बंद होते. म्हणून जत्रेला नेण्याआधी रक्ततपासणी आणि पशुवैद्यकाचा दाखला घ्या, आणि तिथल्या सामाईक हौदात तोंड घालू देऊ नका, आपली बादली वापरा. २०२२ मध्ये लंपी या गुरांच्या त्वचारोगामुळे पुष्करचा जनावरांचा मेळा रद्द झाला होता, आपल्याकडचे गुरांचे बाजारही बंद होते. निघण्याआधी फोन करून बघत जा. धनुर्वाताचं इंजेक्शन घोड्यालाही हवं आणि तुम्हालाही.

पांढरकवड्याची

आमच्या भागातून केस्लापूरच्या नागोबाच्या जत्रेला बैलबंड्या जातात. गाव तेलंगणात, आदिलाबादकडे, पण गोंडांच्या मेस्राम कुळाची माणसं इकडच्या गावांतूनही निघतात. पौष अमावस्येला पूजा. त्याआधी काही जण पायी जाऊन गोदावरीचं पाणी आणतात. निजामाविरुद्ध उठलेले गोंड नेते कुमरम भीम १९४० मध्ये मारले गेल्यानंतर, हैमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाच्या सल्ल्यानं निजामाच्या काळात इथे दरबार सुरू झाला. अधिकारी जत्रेत येऊन लोकांची गाऱ्हाणी ऐकतात, तो अजून भरतो.

मी मैत्रिणीच्या घरच्या बंडीतून गेले. तिथे बंडी म्हणजेच घर. वडाखाली सोडायची, तिच्याच सावलीत चूल, तिच्याखाली झोप. मी गोंड नाही. बंडीतून उतरलेली म्हणून मला कोणी "कशाला आलीस?" विचारलं नाही, उलट भाकरी थापायला बसवलं. फोटो काढायला फोन बाहेर काढला तेव्हा मात्र मैत्रिणीच्या आजीनं नुसतं बघितलं. ठेवून दिला.

मेहकरचा

आपल्याकडे घोड्यांचा मोठा बाजार नाही, खरेदीची हौस असेल तर खानदेशात सारंगखेड्याला जा. दत्तजयंतीला तापीकाठी भरतो, पंजाब-राजस्थानपासून घोडे येतात. भोवरे (अंगावरच्या केसांचे, शुभ-अशुभ मानले जाणारे) बघणारा जाणता माणूस सोबत न्या, नाहीतर अबलख रंगावर भाळून घरी काहीही घेऊन याल. मी दाजींना नेलं होतं, त्यांनी एकही घेऊ दिला नाही.

वऱ्हाडी वाटसरू (धागाकर्ता)

मस्त चाललंय. @परतवाड्याचा पोट्टा, यंदा जाणार असाल तर अजून एक घोडी मिळेल का? मला वरातीतसुद्धा कोणी बसवलं नव्हतं, जीपमधून आलो होतो.

परतवाड्याचा पोट्टा

मिळेल. वजन कळवा आधी, घोडीवाला विचारतो. आणि संक्रांतीच्या आधीच यावं लागेल, मग लग्नं सुरू होतात अन् तो कोणालाच ओळखत नाही.